हिराजी मिस्त्रीची उलटतपासणी

परवा आमच्या सोसायटीच्या गेटातच दुसऱ्या मजल्यावरच्या जोशांची जुनी गाडी वाफ सोडत उभी राहिली. जोशी एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात फडकं घेऊन बॉनेटमध्ये वाकले आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात मी भाजीची पिशवी तिथेच टाकून ओरडले, "हात काढा आधी! भाजून घ्यायचंय का? गाडी थंड होईपर्यंत कोणी शिवायचं नाही तिला!" वॉचमनसुद्धा दोन पावलं मागे सरकला. जोशी सज्जन माणूस. घाम पुसत म्हणाले, "वहिनी, तुम्हाला गाड्यांतलं एवढं कसं कळतं हो?"

"एका नालायक माणसाकडून शिकले," मी म्हटलं.

त्यांना तो विनोद वाटला. विनोद नव्हता. कोलशेतचा हिराजी मिस्त्री नालायकच होता आणि हे मी त्याच्या तोंडावर दोनदा सांगितलेलं आहे. तीन वर्षांत त्याने मला एक धड शब्द दिला नाही, मीही त्याला दिला नाही. अशा माणसांबद्दल लिहिताना लोक शेवटी म्हणतात, वरून फणसासारखा काटेरी पण आत गोड गरे. हिराजीच्या आतही काटेच होते. मी खात्री करून घेतली आहे.

त्याच्याकडे जायची वेळ आली ती सुधीरमुळे. सुधीर म्हणजे माझा नवरा. त्याच्या किडन्या पन्नाशीच्या आत निकामी झाल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सात वाजता ठाण्यात खोपटजवळच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये त्याला नेऊन पोचवायचं, चार तास मशीनवर ठेवायचं आणि परत डोंबिवलीजवळ मानपाड्याला घरी आणायचं, हे माझं आयुष्य झालं होतं. दुपारच्या शाळेत मी क्लार्क होते, म्हणून सकाळ मोकळी मिळायची. उशीर झाला की मशीन दुसऱ्याला देत. रिक्षाने नेऊन बघितलं. एकदा येताना त्याला उलटी झाली, तर त्या रिक्षावाल्याने आम्हाला काटईच्या नाक्यावर उतरवून दिलं. अ‍ॅपवरच्या गाड्या पहाटे हो म्हणायच्या आणि नंतर गुपचूप रद्द करायच्या. म्हणजे राहिली आमची सतरा वर्षांची लाल गाडी, आणि ती हटकून मुंब्रा बायपासच्या चढावर तापायची.

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा वर चढायला लागायचा. शेजारी सुधीर डोळे मिटून बसलेला, मागे ट्रक हॉर्न मारतायत, आणि मी एसी बंद कर, खिडक्या उघड, इंजिनाची उष्णता ओढायला हीटर लाव, असले उद्योग करत ती चढण ओढून काढायची. डोंबिवलीतल्या तीन गॅरेजना दाखवली. पहिल्याने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाच्या पाण्याची झडप, काढूनच टाकला, म्हणाला, "मॅडम, अपने यहाँ गर्मी में इसका काम ही नहीं." दुसऱ्याने वॉटर पंप बदलला. तिसऱ्याने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, इंजिन खोलावं लागेल. आठ दिवस गाडी ठेवा म्हणाला. आठ दिवस! मी म्हटलं, आठ दिवस मग माझ्या नवऱ्याला खांद्यावर घेऊन जाऊ का? अर्थात मनात म्हटलं. कारण हे कोणाला सांगायचंच नाही, असा आमच्या घरचा नियम होता. सुधीरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "लोकांना कळता कामा नये. एकदा कळलं की ते माणसाकडे मेल्यासारखं बघतात." सोसायटीत सगळ्यांना वाटे, आम्ही ठाण्याला कुठल्याशा ऑफिसच्या कामाला जातो. मला ते पटत होतं असं नाही, पण तोंड शिवलेलं ठेवायची सवय लागून गेली.

हिराजीचं नाव मला सेंटरच्या वॉचमनने दिलं. म्हणाला, "ताई, हात सोन्याचा आहे, पण तोंड गटार आहे. बघा बुवा." सुधीरला मशीनवर लावलं आणि मी ठाण्यातल्याच कोलशेतला गेले.

टॉवरच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून एक पत्र्याची शेड होती. हे टॉवर हिराजीच्याच भावांनी उभे केलेले. पूर्वी त्यांची खाडीकाठी मिठागरं होती, शेती होती. जमिनी गेल्या, भावांच्या गळ्यात बोटभर जाड साखळ्या आल्या, प्रवेशद्वारावर बापाचं नाव लागलं, आणि हा एकटा भिंतीच्या बाहेरच्या बाजूला लोकांच्या गाड्यांखाली झोपत राहिला. का, ते मी विचारलं नाही. त्याला काही विचारायचं नसतं, तोच विचारतो.

साठीचा, काळा, काटकुळा माणूस. अंगात पांढरा स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. मेकॅनिकच्या अंगात पांढरा शर्ट मी जन्मात पहिल्यांदा बघितला, आणि त्यावर तीन वर्षांत एक डाग दिसला नाही, हेही कबूल करते. शेडमध्ये गिऱ्हाइकाला बसायला काहीही नव्हतं. स्टूल नाही, बाकडं नाही. मुद्दाम नव्हतं. गिऱ्हाईक बसलं की मोबाइल बघतं, उभं राहिलं की गाडी बघतं, असं त्याचं म्हणणं.

मी बॉनेट उघडायला गेले तशी तो खेकसला, "गरम हाय. मी गरम गाडीला हात लावत नाय. उभी रा."

"किती वेळ?"

"ती थंड होई तवर."

"अहो, मला साडेदहाला परत जायचंय."

"मंग जा."

अरे, ही काय भाषा? शाळेत मला मुख्याध्यापकसुद्धा अहो-जाहो करतात. आणि हा मला पहिल्या वाक्यापासून अगं-तुगं. नंतर कळलं, तो सगळ्यांनाच तसं बोलतो, पण कळल्यामुळे राग कमी होतो असं थोडंच आहे.

गाडी थंड होईपर्यंत त्याने मला प्रश्न विचारले. पोलीस बरा. पानी किती दिवसांनी टाकतंस? कुठला, नळाचा का बोअरचा? तापते ती चढावर का सिग्नलला? सकाळी तापते का दुपारी? कुठं जातंस, कशाला जातंस? गाडी उभी ठेवून चालू ठेवतंस का, एसी लावून?

पाणी रोज टाकायचे. म्हटलं, आठवड्याने. सोसायटीच्या बोअरचं टाकायचे. म्हटलं, नळाचं. कशाला जाता, तर म्हटलं, कामाला. आणि उभी ठेवून चालू ठेवता का, तर म्हटलं, छे. खरं म्हणजे दर वेळी ठेवायचे. डायलिसिस झाल्यावर सुधीरला गरगरायचं, लगेच निघता यायचं नाही. मग सेंटरबाहेर झाडाखाली गाडी लावून, एसी सुरू करून, सीट मागे पाडून त्याला अर्धा तास आडवा ठेवायचे. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कोण झोपतं, कशाला झोपतं.

हिराजीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "गाडी खोटा बोलत नाय. मालक बोलतो."

नंतर मी बघितलं, हे वाक्य तो दिवसातून चार वेळा म्हणायचा, आणि ज्याला म्हणायचा त्याचं तोंड उतरायचं.

मग त्याने सांगितलं, "पुठ्ठा घेऊन ये." मला वाटलं, काय ऐकतेय मी. पुठ्ठा म्हणजे खोक्याचा, कोरा. रात्रभर गाडीच्या खाली पसरायचा, पुढची चाकं कुठे होती ते पेनने लिहायचं, आणि सकाळी तो त्याला आणून दाखवायचा. त्याशिवाय तो नव्या गिऱ्हाइकाच्या गाडीला हातच लावत नसे. त्याच्या शेडच्या पत्र्याला असे दहा-बारा पुठ्ठे टांगलेले होते, डॉक्टरकडे एक्स-रे असतात तसे. कुठे काळा डाग, कुठे गुलाबी, कुठे हिरवट. पुठ्ठा बघूनच सांगायचा, ऑइल का रेडिएटरमधलं कूलंट, पुढून का मागून.

माझा पुठ्ठा शुक्रवारी नेला. कोरा करकरीत. मी म्हटलं, "बघा, एक थेंब नाही. म्हणजे गळत नाहीये."

"गळत नाय तर पानी पितो कोन? तू?"

माझं डोकं सणकलं. पण त्याने काम सुरू केलं होतं, म्हणून पुठ्ठा बाजूला ठेवला. गाडी तोवर दीड तास उभी होती. त्याने बॉनेटवर हात ठेवून बघितला, रेडिएटरच्या पाइपाला ठेवला, मगच झाकण उघडलं, त्या जागी हातपंपासारखं काहीतरी बसवलं, हवा भरली आणि त्याचा काटा बघत उभा राहिला. काटा सावकाश खाली यायला लागला. मग त्याने काठीला बांधलेला एक छोटा आरसा काढला, बायकांच्या बांगड्यांच्या पेटीत असतो ना तसला, आणि तो इंजिनच्या मागच्या अंधारात घातला. मला म्हणाला, बघ. मागच्या बाजूला एका रबरी नळीच्या तोंडाशी पांढरट खपली धरली होती आणि तिच्यातून पाण्याचा एक मणी फुगत होता. तो मणी खाली तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडायचा आणि तिथेच त्याची वाफ व्हायची, म्हणून जमिनीवर काही येत नव्हतं. तीन गॅरेजनी जे बघितलं नव्हतं ते या माणसाने एका आरशात दाखवलं. आणि वर काय म्हणाला? "बोअरचा पानी टाकतंस आन नळाचा सांगतंस. ही खपली नळाच्या पान्याची नाय."

नळी बदलली, थर्मोस्टॅट परत बसवला, आतला गंज धुऊन काढला, कूलंट भरलं. थर्मोस्टॅट कोणी काढला ते विचारून त्या डोंबिवलीच्या गॅरेजवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. दोन वर्षांहून जास्त काट्याने मान वर केली नाही. मी आभार मानायला गेले का? नाही गेले. मला पुन्हा त्याचं तोंड बघायचं नव्हतं, पण ब्रेक, क्लच असलं काही निघालं की जावंच लागायचं.

त्याच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा चट्टा होता, कातडी सुरकुतून चकाकणारी. एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं म्हणे, सकाळपासून गाडी उभी आहे, थंड आहे, घाई आहे. ती थंड नव्हती. शेजारच्या टायरवाल्याने मला हे सांगितलं तेव्हा त्याला अपेक्षा असावी की मी चुकचुकेन. मी म्हटलं, मग त्या एकाचा राग जगावर काढायचा का?

एकदाच मला त्याच्या शेडमध्ये उभं राहून मजा आली. त्याचा थोरला भाऊ आला होता, टॉवरवाला, भली मोठी काळी गाडी घेऊन. गाडी तापतेय म्हणाला. हिराजीने त्यालाही तेच प्रश्न विचारले. भाऊ म्हणाला, कूलंट दर वेळी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला बदलतो. हिराजीने बाटलीतलं पाणी बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं आणि भावाला म्हणाला, "बापाची शपथ घेऊन सांग." भाऊ म्हणाला, "ए हिऱ्या, तुजा काय डोका फिरला काय? लोकांदेखत?" हिराजीने धाडकन बॉनेट आपटलं. "जा. तुजी गाडी नाय घेत." तो भाऊ जाताना इतक्या शिव्या देत गेला की भिंतीपलीकडचा सिक्युरिटी बाहेर येऊन बघायला लागला. मला बरं वाटलं. म्हणजे हा माणूस मलाच घालूनपाडून बोलत नाही, रक्ताच्या भावालाही सोडत नाही.

पुढे ती वेळ माझ्यावर आली.

एप्रिल होता. काटा पुन्हा वर जायला लागला. शाळेत परीक्षेची धावपळ, सुधीरचं वजन दोन डायलिसिसच्या मध्ये भलतंच वाढायला लागलेलं. डायलिसिसच्या माणसाला लघवी फारशी होत नाही, प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, फुप्फुसापर्यंत जातं. म्हणून चहा-आमटी धरून दिवसाला एक लिटरच्या आत, असं डॉक्टरांनी बांधून दिलेलं. मी सकाळी बाटली भरून द्यायचे, संध्याकाळी मोजायचे. बाटली बरोबर असायची आणि वजन मात्र तीन-तीन किलो वाढलेलं. "सुधीर, खरं सांग, पाणी प्यायलास?" "नाही गं. घोटभर." "घोटभराने तीन किलो वाढतात?" "मग मी काय करू?" रोज हीच भांडणं. मी ओरडायचे, हो, ओरडायचे, शेजारी ऐकू जाईल इतकी. एकदा मी त्याचा स्टीलचा पेला खिडकीतून खाली फेकला होता. त्यात हे गाडीचं.

हिराजीकडे जायचं माझ्या जिवावर आलं होतं. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरने सांगितलं, मॅडम, रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद टाका, बारीक भोक आपोआप बुजतं. गावाकडे सगळे ट्रकवाले करतात. जखमेवर हळद लावतोच ना आपण! मला पटलं. दोन कशाला, चार चमचे टाकली. आणि खरंच, आठवडाभर पाणी कमी झालं नाही. मग काटा पूर्वीपेक्षा जोरात चढायला लागला. झक मारत कोलशेतला गेले.

गाडी थंड होईपर्यंत उभी राहिले. त्याने झाकण उघडलं, वाकला आणि नाक आखडलं.

"काय टाकलास ह्याच्यान?"

"काही नाही."

"खरा बोल."

"अहो काही नाही टाकलं. तुमचंच कूलंट आहे."

त्याने बोट आत बुडवून बाहेर काढलं. पिवळंधमक. ते बोट माझ्या डोळ्यांसमोर धरून म्हणाला, "आमटी केलंस का रेडिएटरची?" तिथे दोन टेम्पोवाले उभे होते, ते खो-खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा तरी कबूल करावं की नाही? मी म्हटलं, "मला माहीत नाही. दुसऱ्या कोणी टाकली असेल."

"उभी ठेवून चालू ठेवतंस का? एसी लावून?"

"एकदा सांगितलं ना, नाही म्हणून! तुम्ही गाडी बघा, माझी चौकशी करू नका."

त्याने झाकण घट्ट बसवलं, बॉनेट लावलं, फडक्याला हात पुसला. "जा. खोटा बोलनाऱ्याची गाडी मी नाय करत."

"मिस्त्री, मला आज गाडी पाहिजे."

"घेऊन जा ना. तुजीच हाय."

नालायक, असं मी त्याला तेव्हा पहिल्यांदा म्हटलं. अकरा वाजत आले होते. सेंटरला गेले, सुधीरला गाडीत घेतलं, नेहमीसारखा अर्धा तास एसी लावून झोपवला. निघालो तेव्हाच काटा अर्ध्याच्या वर होता. मी डोळेझाक केली. दुसरं करणार काय होते?

बायपासच्या चढावर बॉनेटमधून पांढरा लोट उठला आणि गाडी बंद पडली. दुपारचे सव्वाबारा. एका बाजूला डोंगर, एका बाजूला कठडा, सावली नावाला नाही. सुधीर बाहेर येऊन कठड्याला टेकून बसला. डायलिसिसनंतर त्याचं ब्लडप्रेशर आधीच खाली असायचं. मी हात करून गाड्या थांबवायला बघत होते आणि मागे वळून बघितलं तर तो एका अंगावर कलंडला होता. डोळे पांढरे. एक भाजीचा टेम्पो थांबला. त्या देवमाणसाने टोमॅटोच्या क्रेट बाजूला सारून त्याला मागे आडवा घातला आणि कळव्याच्या एका हॉस्पिटलात नेऊन सोडलं. चार दिवस आयसीयू. तिसऱ्या दिवशी त्याने मला ओळखलं. ते तीन दिवस बाकड्यावर बसून मी एकाच माणसाला शाप देत होते.

पाचव्या दिवशी, गाडी टो करून मी कोलशेतला नेली. दुरुस्तीला नव्हे. भांडायला.

काय काय बोलले ते आठवत नाही, पण सगळं बोलले. माझा नवरा मरायला टेकला होता, तुमच्यामुळे. तुम्हाला दिसत होतं गाडी जाणार आहे, तरी तुम्ही मला घालवून दिलंत. हळद दिसली ना? मग माझी अब्रू काढण्यापेक्षा ती काढायची होती. तीन दिवस आठवड्याला मी त्याला मशीनवर घालते, अर्धा तास गाडीत झोपवते, तेव्हा कुठे तो घरी यायच्या लायकीचा होतो, आणि तुम्ही? तुम्ही नालायक आहात, माणूस नाही तुम्ही. आणि तिथेच टांगलेला कुणाचा तरी पुठ्ठा ओढून मी त्याच्या अंगावर भिरकावला. त्याच्या पांढऱ्या शर्टाला लागून खाली पडला. शर्टाला काही झालं नाही.

हिराजी हलला नाही. फक्त म्हणाला, "अर्धा तास? एसी लावून?"

"हो! रोज! तीन वर्षं!"

"मी दोनदा इचारला व्हता. तू दोनदा नाय बोललीस."

"तुम्हाला कशाला सांगायचं? तुम्ही कोण?"

"मंग मारत कोन व्हता तुज्या नवऱ्याला? मी का तू?"

एखाद्या बाईला, नवरा चार दिवस आयसीयूत असलेल्या बाईला, हे बोलावं? मला त्याच्या कानाखाली वाजवायची होती. हात उचललाही होता. पण तो माझ्याकडे पाठ फिरवून गाडीत वाकलेला. जळलेला पंप, चोंदलेला रेडिएटर, पिवळा चिखल, हे सगळं काढायला त्याला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी गाडी सुरू करून, एसी लावून तो घड्याळ घेऊन नुसता उभा राहिला. मी तिथे होते. रेडिएटरपुढचा पंखा फिरतो, थांबतो, फिरतो, थांबतो. विसाव्या मिनिटाला थांबला तो फिरलाच नाही. हिराजीने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्याच्या मोटरवर ठक केलं आणि तो परत फिरायला लागला. पंखा अधूनमधून दगा देत होता. गाडी धावत असली की वारा मिळायचा, काही कळायचं नाही. उभ्या उभ्या अर्धा तास तापायची आणि चढावर जाऊन जीव सोडायची.

मी म्हटलं, "पंखा तपासायला माझी साक्ष कशाला हवी होती? तुम्ही स्वतः नसतात का बघितला?"

"बघितला व्हता. त्या टायमाला फिरला."

"म्हणजे तुमचंही चुकलं."

त्याने नवीन मोटर बसवली, आणि मग म्हणाला, "नवऱ्याला घेऊन ये. तो झोपतो तसा झोपव. मना तशीच गाडी बघायची हाय."

मी साफ नकार दिला. आजारी माणसाला काय प्रदर्शनात ठेवायचं? पण सुधीरला सांगितलं तर तोच म्हणाला, जाऊ या. सांगायचं नाही, सांगायचं नाही म्हणणारा माणूस! मला वाटतं, रस्त्यावर सगळ्या जगादेखत पडून झाल्यावर त्याला लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हिराजी आता तिथे नाही. ती भिंत पुढे आली, शेड गेली, तिथे टॉवरची पार्किंगची दुसरी रांग झाली. तो कुठे गेला, आहे का नाही, मी चौकशी केली नाही. मी त्याला शेवटचा बघितला तो त्यानंतरच्या बुधवारी, सुधीरला सेंटरवरून थेट तिथे नेलं तेव्हा.

सुधीर पुढच्या सीटवर आडवा. एसी चालू. हिराजी ड्रायव्हरच्या दाराशी उकिडवा बसून काट्याकडे बघतोय. मी बॉनेटशी उभी, पंख्यावर नजर ठेवायला त्याने मला नेमलेलं. दहा मिनिटं गेली. मग हिराजीने त्याच आवाजात, त्याच उर्मट आवाजात सुधीरला विचारलं, "तुला पानी किती सांगलाय डाक्टरनी?"

"लिटरभर. सगळं धरून."

"आन पितंस किती?"

मी बॉनेटआडून ऐकत होते. आता हा 'घोटभर' म्हणणार, मला पाठ होतं.

"दोन होतं," सुधीर म्हणाला. "कधी जास्त. बाथरूममध्ये नळ सोडतो. ही समजते मी आंघोळ करतोय."

पंखा माझ्यासमोर गरगर फिरत होता. तीन वर्षं मी बाटल्या मोजत होते, पेले फेकत होते, देवाच्या शपथा घालत होते. आणि या माणसाला, या परक्या, तोंडाळ माणसाला, त्याने एका प्रश्नात सांगून टाकलं.

"हिला कशाला नाय सांगत?" हिराजीने विचारलं.

"ही ओरडते."

हिराजी हसला. मी त्याला हसताना तेवढंच ऐकलं, कोरडं, खोकल्यासारखं. म्हणाला, "तुजी बायको माज्यावानी हाय. आमच्याशी कोन खरा बोलंल?"

अर्धा तास झाला. काटा जागचा हलला नव्हता. त्याने उठून बॉनेट लावलं, हाताने मला निघ म्हणून खूण केली आणि पुढच्या गाडीच्या माणसाकडे वळून खेकसला, "पुठ्ठा आनलास?" मी गाडी बाहेर काढली. आरशात त्याची पांढरी पाठ दिसत होती, आणि तो कोणावर तरी ओरडत होता.

बायपासचा चढ आम्ही एसी लावून चढलो. माझ्या छातीत नुसता जाळ उठला होता. दोन लिटर! नळ सोडून! तोंडात शब्द तयार होते, एकाहून एक. शिळफाट्याच्या सिग्नलला थांबलो. सुधीर खिडकीतून बाहेर बघत होता, खांदे आवळून, आता ओरडा बसणार म्हणून तयार होऊन. त्याचे ते आवळलेले खांदे मी पहिल्यांदाच नीट बघितले.

सिग्नल सुटेपर्यंत मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले. मग जमेल तितक्या हळू आवाजात विचारलं, "आज किती झालं?"

तो खिडकीकडून माझ्याकडे वळला.

"दीड," तो म्हणाला. "आणि अजून तहान लागलीय."

मी गिअर टाकला. ओरडले नाही.